देवगडचा राजा बख्तबुलंद

चांद्याचा परकोट ज्याने पाहिला आहे त्याला गोंड राजांचे वैभव निराळे सांगावे लागत नाही. जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा या दरवाजांतून आजही शहराची ये-जा चालते. महाकालीचे मंदिर, राणी हिराईने आपल्या पतीसाठी, म्हणजे वीरशहासाठी, उभारलेली समाधी आणि गडचिरोलीकडच्या अरण्यातला वैरागडचा किल्ला यांची नावे आपल्याकडील शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. परंतु चांद्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या कुशीत, याच गोंडांचे दुसरे एक बलाढ्य राज्य होते आणि त्या राज्यात बख्तबुलंद नावाचा एक कर्तबगार राजा होऊन गेला, याची आठवण आपण सहसा काढत नाही. नागपूर शहर त्याने वसविले एवढे एक वाक्य आपण पाठ करतो आणि पुढे जातो.

याचे एक कारण उघड आहे. बख्तबुलंद हा गोंड होता आणि तो मुसलमानही होता. ज्याला इतिहासाचे कप्पे पाडून प्रत्येक कप्प्यात एकेक माणूस बसवायचा असतो त्याला असा राजा अडचणीचा वाटतो. गोंडांच्या इतिहासात त्याचा धर्म आडवा येतो आणि मुसलमान राजवटींच्या इतिहासात त्याचे कूळ आडवे येते. म्हणून तो दोन्ही ठिकाणी समासात राहतो. वास्तविक त्याचे आयुष्य समजावून घेतल्याशिवाय पूर्व विदर्भाचा गेल्या तीनशे वर्षांचा इतिहास नीट उलगडत नाही.

गोंडवनात गढा-मंडला, खेरला, देवगड आणि चांदा अशी चार प्रमुख राज्ये होऊन गेली. त्यांपैकी देवगडचा किल्ला आज मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, छिंदवाडा शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, एका उंच डोंगरावर पडक्या अवस्थेत उभा आहे. डोंगराच्या पायथ्याच्या मुलखात पूर्वी आठशे बावड्या आणि नऊशे विहिरी होत्या असे तिकडचे लोक सांगतात. आकडा हौसेचा असेल, पण अनेक जुन्या बावड्या आजही पाहायला मिळतात. या राज्याचा पाया सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात जाटबा नावाच्या गोंड वीराने घातला. त्याच्या आधी तेथे गवळी राजे होते आणि जाटबाने त्यांच्याकडून सत्ता मिळवली अशी दंतकथा आहे. दंतकथा बाजूला ठेवली तरी जाटबा ही व्यक्ती खरी आहे. अकबराच्या दरबारातील अबुल फजलने आपल्या 'आईन-ए-अकबरी'त त्याची नोंद केली असून त्याच्याजवळ २,००० घोडेस्वार, ५०,००० पायदळ आणि शंभरावर हत्ती असल्याचे म्हटले आहे. त्याच ग्रंथात चांद्याच्या बाबाजी बल्लाळशहाचाही उल्लेख आहे आणि त्याचे बळ १,००० घोडेस्वार व ४०,००० पायदळ असे दिले आहे. शेजारी शेजारी नांदणारी ही दोन राज्ये तुल्यबळ होती हे यावरून दिसते.

तुल्यबळ शेजाऱ्यांचे सहसा पटत नाही. चांदा आणि देवगड यांचेही पटले नाही. त्यांच्यात सोयरीक होई आणि सोयरिकीतूनच वैरही निर्माण होई. मात्र दोघांच्याही डोक्यावर टांगलेली तलवार एकच होती, ती म्हणजे मोगलांची. मोगलांना या अरण्यातून दोन गोष्टी हव्या होत्या, खंडणी आणि हत्ती. १६३७ मध्ये मोगल सरदार खान दौरान याने देवगडच्या राज्यात शिरून नागपूरचा किल्ला वेढला आणि जाटबाचा वारस कोकशहा याच्याकडून रोख रक्कम व हत्ती वसूल केले. (नागपूर हे नाव बख्तबुलंदाच्या जन्माच्या आधीपासून प्रचारात होते हे येथे लक्षात ठेवावे.) पुढे १६६७ मध्ये औरंगजेबाचा सरदार दिलेरखान चांदा आणि देवगड या दोन्ही राज्यांवर चालून आला व दोघांनाही मोठ्या खंडणीचे करार करावे लागले. खंडणी थकली की फौज येई, फौज परतली की खंडणी पुन्हा थके. या रहाटगाडग्यात देवगडची गादी खिळखिळी झाली आणि घरातल्या घरात वारसांचे तंटे सुरू झाले. अशा वेळी बख्तबुलंदाचा उदय झाला.

गादीसाठी भाऊबंदकी माजली तेव्हा या तरुण राजपुत्राने थेट बादशहाकडे धाव घेतली. तो दिल्लीला गेला, तेथे त्याने पराक्रम गाजवून औरंगजेबाची मर्जी संपादन केली, बादशहाने मदतीसाठी धर्मांतराची अट घातली, त्याने ती मानली आणि बख्तबुलंद हे नाव धारण करून तो देवगडच्या गादीवर परतला, अशी परंपरागत हकीकत आहे. यातील दिल्ली हा शब्द मात्र सैल अर्थाने घ्यावा लागतो. औरंगजेब १६८१ च्या अखेरीस दक्षिणेत उतरला तो पुन्हा उत्तरेकडे परतलाच नाही. बख्तबुलंद गादीवर आला ते साल साधारणपणे १६८६ मानले जाते आणि त्याच वर्षी बादशहाने विजापूर घेतले. पुढच्याच वर्षी गोवळकोंडा पडला. दख्खनच्या दोन जुन्या सल्तनती, खुद्द मुसलमानांच्या, बादशहाच्या तोफांपुढे टिकल्या नाहीत, त्या काळात डोंगरातल्या एका गोंड राजपुत्राने आपले राज्य कसे टिकवावे हा प्रश्न होता. त्याने काढलेले उत्तर आपल्याला आवडो वा न आवडो, त्या उत्तरामागची निकड ध्यानात घेतली पाहिजे.

या धर्मांतराविषयीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. परंपरा अशी सांगते की बख्तबुलंदाने बादशहाचा धर्म स्वीकारला, पण एक अट स्वतःही घातली. मुसलमानांशी त्याचा रोटीव्यवहार राहील, बेटीव्यवहार मात्र गोंडांतच राहील. वरवर पाहता ही घरगुती बाब वाटते. पण ज्यांना गोंड समाजाची घडण माहीत आहे त्यांना या अटीचे मोल कळेल. गोंडांत चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे असे कुळांचे गट असतात. एका गटातल्यांनी आपसांत लग्न करायचे नाही, सोयरीक दुसऱ्या गटाशी जुळवायची, हा तेथला मुख्य नियम. माणूस कोणाचा कोण हे या जाळ्यावरून ठरते. ज्याने हे जाळे तोडले तो कितीही मोठा असो, तो पाहुणा होतो. बख्तबुलंदाने ते तोडले नाही. नाव बदलले, प्रार्थना बदलली, परंतु सासर आणि माहेर गोंडांचेच राहिले. पुढे त्याच्या वंशातही धर्म इस्लाम आणि सोयरीक गोंडांत, अशी रीत चालू राहिली. रयतेवर त्याने आपला धर्म लादला नाही. गावोगावचा बडादेव आपल्या झाडाखाली होता तसाच राहिला.

जगात असे प्रसंग इतरत्रही घडले आहेत. आफ्रिका खंडात चाड सरोवराच्या काठी कनुरी लोकांचे कानेम-बोर्नू नावाचे राज्य होते. तेथील सैफावा घराण्यातील हुमे नावाच्या राजाने अकराव्या शतकाच्या अखेरीस इस्लामचा स्वीकार केला. पण राजे आपली जुनी 'माई' ही पदवीच लावीत राहिले आणि जुन्या श्रद्धाही एका दिवसात गेल्या नाहीत. तेराव्या शतकात दुनामा दिब्बलेमी या राजाने पूर्वजांपासून चालत आलेली 'मुने' नावाची पवित्र वस्तू उघडली, तेव्हा लोक खवळले आणि राज्यात यादवी माजली अशी तेथली परंपरा आहे. तरीही ते घराणे टिकले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इद्रिस अलूमा या राजाने राज्याला मोठे वैभव मिळवून दिले आणि १८४६ मध्ये त्या घराण्याचा शेवट झाला. तुलना करताना फरकही दिसतो. बोर्नूत राजापाठोपाठ हळूहळू सारी प्रजा मुसलमान झाली. देवगडात राजघराणे मुसलमान झाले, प्रजा जिथल्या तिथे राहिली. म्हणूनच देवगडच्या राजाला राजा आणि रयत यांच्यामधला दुवा मोठ्या दक्षतेने जपावा लागला आणि सोयरिकीची ती अट हाच तो दुवा होता.

बादशहाने नाव दिले, गादी दिली, पण सुख दिले नाही. देवगडला मोगल दप्तरात इस्लामगड म्हणू लागले. तथापि किल्ल्याचे नाव बदलल्याने खंडणीचा तगादा काही कमी झाला नाही. १६९१ मध्ये औरंगजेबाने बख्तबुलंदाला पदच्युत करून नजरकैदेत ठेवले आणि दीनदार नावाच्या दुसऱ्या मुसलमान झालेल्या गोंडाला गादीवर बसविले. हा दीनदारही पुढे उलटला. मग १६९६ मध्ये चांद्याच्या राजघराण्यातील कानसिंह याने इस्लाम स्वीकारला आणि नेकनाम या नावाने तो देवगडचा राजा झाला. आपल्या चांद्याच्या इतिहासातला हा प्रसंग फारसा सांगितला जात नाही, पण तो विचार करायला लावणारा आहे. बख्तबुलंद, दीनदार, नेकनाम, या तिघांनाही नवे नाव आणि नवा धर्म घेतल्यावरच एकच गादी मिळाली. धर्म हा येथे श्रद्धेचा विषय राहिला नव्हता. तो सनदेवरचा शिक्का झाला होता. ज्याला शिक्का मारून मिळाला त्याचा तो काढूनही घेतला जाई.

पण बख्तबुलंद कैदेत कुजणारा माणूस नव्हता. सुटका होताच त्याने देवगडचा रस्ता धरला आणि उघड बंड पुकारले. बादशहा मराठ्यांच्या मागे दक्षिणेत एकेक किल्ला घेत फिरत होता, खजिना रिता होत होता, फौजा थकल्या होत्या. ही वेळ त्याने अचूक हेरली. १६९९ मध्ये त्याने छत्रपती राजारामांकडे मदतीसाठी संधान बांधले. ज्या बादशहाने त्याला मुसलमान केले त्याच्याविरुद्ध तो मराठ्यांशी हातमिळवणी करू लागला, यावरून त्या काळचे राजकारण धर्माच्या नव्हे तर राज्याच्या हिशेबाने चाले हे दिसून येते. राजाराम महाराज १६९९ च्या पावसाळ्यानंतर वऱ्हाडच्या रोखाने निघालेही होते, परंतु मोगली फौज आडवी आली आणि मार्च १७०० मध्ये सिंहगडावर त्यांचे देहावसान झाले. बख्तबुलंद एकटा पडला, तरी खचला नाही. वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवरचा मोगली मुलूख त्याने लुटून फस्त केला. बादशहाला इतका संताप आला की त्याने हुकूम काढून बख्तबुलंद, म्हणजे ज्याचे दैव उंच, याचे नाव निगूनबख्त, म्हणजे ज्याचे दैव पालथे, असे करून टाकले, अशी हकीकत आहे. एका बादशहाने एका माणसाला एकाच आयुष्यात दोन नावे द्यावी, एक मर्जीचे आणि एक रागाचे, हा प्रकार मजेदार आहे. लोकांनी पहिले नाव ठेवले आणि दुसरे विसरून टाकले.

बंडखोर राजे पुष्कळ झाले. बख्तबुलंदाचे मोठेपण लुटीत नाही, वसाहतीत आहे. उत्तरेकडच्या मोगली राज्याची व्यवस्था त्याने डोळ्यांनी पाहिली होती. बाजारपेठा, रस्ते, महसुलाची मोजणी आणि बारमाही शेती यांच्या जोरावर राज्य कसे उभे राहते हे त्याच्या ध्यानात आले होते. देवगडचे राज्य म्हणजे बहुतेक अरण्य. अरण्यात हत्ती मिळतात, लाख, मध आणि मोह मिळतो, पण सारा मिळत नाही. म्हणून त्याने आपल्या राज्याची दारे कष्टाळू माणसांसाठी उघडली. कुणबी, लोधी, पोवार अशा शेतकरी जाती, कोष्ट्यांसारखे कारागीर, व्यापारी, कारकून, ज्याच्या अंगी काही गुण असेल त्याला जमीन आणि आश्रय मिळू लागला. हिंदू असो वा मुसलमान, लायकी पाहून त्याने कामे सोपविली. वैनगंगेच्या खोऱ्यातील रान तोडून शेते झाली, तळी बांधली गेली, गावे वसली. शिवणी आणि भंडारा भागांतल्या कारभारासाठी त्याने पठाण सरदारही नेमले. मंडल्याच्या नरेंद्रशहाला बंडखोरांविरुद्ध मदत केल्याबद्दल शिवणीकडचा मुलूख त्याला मिळाला आणि देवगडचे राज्य नागपूर, छिंदवाडा, बैतूल, शिवणी, भंडारा, बालाघाट एवढ्या विस्तीर्ण प्रदेशावर पसरले. पुढच्या काळात नागपूरच्या मराठी राजवटीने आणि तिच्यामागून इंग्रजांनी या भागातून जो महसूल उचलला त्याचा पाया बख्तबुलंदाने घातला होता, असा निर्वाळा एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकाऱ्यांनीही दिला आहे.

या वसाहतीची दुसरी बाजू आपण वनप्रदेशातल्या विद्यार्थ्यांनी नजरेआड करू नये. बाहेरून नांगर आले तसे रान मागे हटले आणि रानाबरोबर रानात राहणारा गोंडही मागे हटला. ज्या राजाने आपल्या कुळाची सोयरीक सोडली नाही त्याच्याच राज्यात, त्याच्याच हाताने, सुपीक सपाटी हळूहळू इतरांच्या नावे चढली. त्याने हे मुद्दाम केले असे म्हणता येणार नाही. राज्याला सारा हवा होता आणि सारा नांगराखालच्या जमिनीतूनच येतो. पण आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पुढे जे झाले त्याची सुरुवात कुठून झाली हे शोधताना या राजाच्या काळापर्यंत मागे जावे लागते.

नागपूर हे या सर्व उद्योगाचे शिखर. नाग नदीच्या काठी राजापूर-बारसा म्हणून ओळखली जाणारी बारा खेडी होती. सीताबर्डी, सक्करदरा, फुटाळा, हिवरी, भानखेडा ही त्यांतली काही नावे आजच्या नागपूरकराच्याही तोंडी आहेत. ही विखुरलेली खेडी रस्त्यांनी जोडून बख्तबुलंदाने १७०२ मध्ये नागपूर शहराची स्थापना केली. देवगड डोंगरावर होते. डोंगरावरचा किल्ला शत्रूपासून लपायला चांगला, पण बाजार भरवायला नाही. राजा सपाटीवर उतरला, त्यात त्याचा आत्मविश्वासही होता आणि दूरदृष्टीही. लपण्यासाठी नव्हे तर नांदण्यासाठी राजधानी हवी, हा विचार त्या निवडीत आहे. पुढे त्याचा मुलगा चांद सुलतान याने राजधानीच नागपुरास आणली, शहराला तट बांधला आणि जुम्मा तलाव तयार करविला. हाच आजचा गांधीसागर, म्हणजे शुक्रवारी तलाव.

औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मरण पावला. त्याच्याच मागेपुढे, दोन-तीन वर्षांच्या अंतराने, बख्तबुलंदही गेला. चांद सुलतानाने पित्याचे काम पुढे चालविले. परंतु १७३९ च्या सुमारास तो वारला आणि पुन्हा तीच जुनी भाऊबंदकी उफाळली. बख्तबुलंदाचा दासीपुत्र वलीशहा याने गादी बळकावली. तेव्हा चांद सुलतानाची विधवा राणी रतनकुवर हिने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना आपल्या मुलांच्या मदतीला बोलाविले. रघूजींनी वलीशहाला हटवून बुऱ्हाणशहा आणि अकबरशहा या राणीच्या मुलांना गादीवर बसविले आणि मोबदला घेऊन ते परत गेले. पुढे दोघा भावांत वितुष्ट आले. रघूजी पुन्हा आले आणि १७४३ पासून राज्य भोसल्यांच्या हाती गेले. बुऱ्हाणशहाकडे नावाचे राजेपद आणि तनखा तेवढा उरला. आठ वर्षांनी, १७५१ मध्ये, चांद्याच्या नीळकंठशहाचेही राज्य भोसल्यांनी घेतले. एकमेकांशी भांडणारी दोन्ही गोंड घराणी एकाच सत्तेखाली आली. एका घराण्याने धर्म बदलला होता, दुसऱ्याने बदलला नव्हता. शेवट मात्र दोघांचाही सारखाच झाला.

या गोष्टीवरून काय घ्यावे? बख्तबुलंदाने केलेले धर्मांतर स्वार्थाचे होते असा आक्षेप घेता येईल आणि तो अगदी खोटा नाही. पण गादी मिळाल्यानंतर तिचा उपयोग कशासाठी केला, यावरून राजाची परीक्षा करायची असते. त्या परीक्षेत तो उतरतो. मर्जी असताना तो बादशहाचा गुलाम झाला नाही आणि मर्जी गेल्यावर त्याने हार मानली नाही. त्याने आपल्या माणसांची सोयरीक सोडली नाही आणि परक्या माणसाला दार बंद केले नाही. या दोन गोष्टी एकाच माणसाला साधणे फार अवघड असते. ज्याला आपल्या घरची ओल धरून ठेवायची असते तो बहुधा परक्याला उंबरठ्याबाहेर ठेवतो आणि ज्याला जग हवे असते तो घर विसरतो.

२००२ साली नागपूरला तीनशे वर्षे पूर्ण झाली तेव्हा शहराला आपल्या संस्थापकाची आठवण झाली. आज तेथे त्याचा पुतळा आहे. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडची माणसे कोर्टाचे काम असो, दवाखाना असो की परीक्षा, नागपूरला जातात. ते शहर आपल्याला कधी जवळचे वाटते, कधी फार दूरचे. ते ज्याने वसविले तो राजा आपल्याच गोंडवनातला होता. गोंडी कुळांशी सोयरीक ठेवणारा आणि नमाज पढणारा. त्याला एका कप्प्यात बसविण्याचा हट्ट सोडला, तर आपल्या भूमीचा इतिहास आपण समजतो त्यापेक्षा बराच मोठा होता, हे कळून येईल.